पोटाच्या गोळ्या, पायांच्या मुंग्या

पोटाच्या गोळीने पायांना काय होणार, असे विचारले तर औंढा नागनाथच्या मेडिकल दुकानापासून हिंगोली-नांदेडच्या दवाखान्यांपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: काही होत नाही. मेट्रोनिडॅझोल, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी, सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधे आपल्याकडे इतकी घरोघरची झाली आहेत की त्यांची नावेही कुणी घेत नाही. ‘पोटाची गोळी’ म्हटले की पुरते. महाशिवरात्रीच्या यात्रेत बाहेरचे पाणी बाधले, हळद शिजवण्याच्या दिवसांत शेतावर मुरडा सुटला, लग्नाच्या पंगतीनंतर जुलाब लागले, की चार-पाच दिवस गोळी घ्यायची आणि कामाला लागायचे. इथपर्यंत हरकत घेण्यासारखे फारसे नाही. माझी हरकत आहे ती याच निश्चिंतीने ज्यांचे आतडे वर्षानुवर्षे सुजलेले आहे, त्यांनाही ही औषधे महिनोन् महिने दिली जातात, याला. आणि मग अशा माणसाच्या तळपायाची आग होऊ लागली, पायातली चप्पल कधी गळून पडली ते कळेनासे झाले, की ‘अशक्तपणा आहे’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सची सुई टोचून त्याला घरी पाठवले जाते, याला.

प्रचलित मताची बाजू आधी पुरती मांडली पाहिजे, कारण ती वेडगळ नाही. तिचे म्हणणे असे. ही औषधे कित्येक दशके कोट्यवधी लोकांनी घेतली; मज्जातंतूंचा त्रास खरोखर होत असता तर तो गावोगाव दिसला असता. दुसरे, जुनाट आतड्याच्या रुग्णाचे पोषणच तुटलेले असते, रक्त कमी असते, बी-१२ कमी असते, त्यामुळे मुंग्या येणे हे त्या आजाराचेच फळ होय. तिसरे, जपानात पोटाच्या औषधाने माणसे आंधळी-पांगळी झाल्याचे ऐकतो, पण तो त्या लोकांच्या प्रकृतीचा दोष. आपल्या माणसांना ते बाधत नाही. आणि शेवटचे, अनुभवी डॉक्टर हळू आवाजात जे सांगतात ते: रुग्णाला असले काही सांगितले तर तो घाबरून औषध अर्ध्यावर टाकतो, मग रोगही उरतो आणि जंतूही माजतात.

ज्या औंढ्यात विसोबा खेचरांनी नामदेवांना रुजलेली समजूत पुन्हा तपासायला लावली असे परंपरा सांगते, तिथे या चार मुद्द्यांची तपासणी व्हायला हरकत नसावी. सुरुवात जपानपासूनच करतो, कारण सगळ्या निश्चिंतीचे मूळ तिथल्या घटनेच्या चुकीच्या वाचनात आहे.

१९५५च्या सुमारास जपानात एक विचित्र आजार दिसू लागला. आधी पोटदुखी आणि जुलाब. मग पायांच्या तळव्यांपासून बधिरपणा वर चढत जायचा, पाय ताठरायचे, चालणे जायचे आणि काहींची दृष्टी जायची. डॉक्टरांनी त्याला स्मॉन असे संक्षिप्त नाव दिले. पंधरा वर्षांत रुग्णांची संख्या अकरा हजारांच्या आसपास गेली. हा संसर्गजन्य रोग आहे अशी समजूत पसरली, विषाणू सापडल्याचेही जाहीर झाले, आणि घरोघरच्या रुग्णांना वाळीत टाकले गेले; कित्येकांनी त्या लाजेपायी जीव दिला. उलगड्याची सुरुवात झाली ती रंगावरून. काही रुग्णांची जीभ हिरवी पडत होती, लघवी हिरवी होत होती. हा हिरवा पदार्थ तपासल्यावर कळले की तो क्लिओक्विनॉल या औषधाचा लोहाशी झालेला संयोग आहे. क्लिओक्विनॉल म्हणजे जुलाब-आवेवर सर्रास दिले जाणारे जंतुनाशक. निगाता विद्यापीठाचे तादाओ त्सुबाकी यांनी १९७०च्या ऑगस्टमध्ये या औषधाकडे बोट दाखवले, सप्टेंबरमध्ये जपान सरकारने विक्री थांबवली आणि नवे रुग्ण दिसणे जवळजवळ बंद झाले. विषाणू असता तर तो सरकारी आदेश वाचून थांबला नसता.

या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. क्लिओक्विनॉलने स्वतःच पोट दुखते. रुग्ण पोटासाठी औषध घ्यायचा, औषधाने पोट आणखी बिघडायचे, डॉक्टर मात्रा वाढवायचे, आणि पायांचा बधिरपणा त्याच पोटाच्या रोगाचे पुढचे पाऊल समजला जायचा. जपानी डॉक्टर अडाणी नव्हते. पोटाचा रोग आणि पायाची तक्रार एकाच माणसात एकापाठोपाठ आली, म्हणून पहिल्याने दुसरी घडवली असे त्यांनी धरले. मधली गोळी त्यांना दिसलीच नाही. आपल्याकडे जुनाट कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेच्या, रुग्णाच्या मुंग्यांना ‘आजाराचा भाग’ म्हणणारे आज नेमक्या त्याच जागी उभे आहेत.

आता ‘हा जपानी प्रकृतीचा दोष’ या मताकडे येऊ. १९६६ साली, म्हणजे जपानात कारण सापडण्याच्या चार वर्षे आधी, स्वीडनमध्ये ओले हान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने क्लिओक्विनॉल घेणाऱ्या एका लहान मुलाची दृष्टी गेल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते. ते मूल जपानी नव्हते. आणि आपल्या घरचा पुरावा तर आपल्याच मुंबईत आहे. नोशिर वाडिया हे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा विभाग उभारणारे वैद्य. डोळ्यांची हालचाल मंदावणारा एक आनुवंशिक मेंदूविकार १९७१ साली त्यांनी सहकाऱ्यासोबत जगापुढे प्रथम मांडला. अशा बारीक नजरेच्या माणसाने १९७७ साली ब्रिटनमधल्या न्यूरॉलॉजीच्या नामांकित नियतकालिकात मुंबईतल्या स्मॉनविषयी निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि १९८४ साली त्या विषयावर पुन्हा लिहिले. तेव्हा एन्टेरोक्विनॉल आणि मेक्साफॉर्म ही क्लिओक्विनॉलच्या गोळ्यांची नावे मराठी घरांतल्या औषधांच्या डब्यात अमृतांजनाच्या शेजारी असत. आपल्या माणसांना बाधत नाही, हा दावा त्या लेखानंतर उभा राहू शकत नाही. फार तर ‘आपल्याकडे कमी दिसले’ असे म्हणता येईल.

कमी का दिसले, हा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे आणि त्याचे पहिले उत्तर मात्रेत आहे. जपानात हे औषध जास्त मात्रेत आणि दीर्घकाळ दिले गेले. आपल्याकडे बहुतेक लोक चार-सहा दिवस गोळ्या घेऊन थांबत. दुसरे उत्तर बघणाऱ्या डोळ्यांचे आहे. मराठवाड्यात औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६चे, नांदेडचे १९८८चे. हिंगोलीला स्वतःचे महाविद्यालय मिळाले ते २०२४ साली. मधल्या दशकांत औंढा किंवा कळमनुरी तालुक्यातल्या शेतकऱ्याचे पाय बधिर झाले असते तर ते कुणी आणि कशाने मोजले असते? कुष्ठरोग, मधुमेह, मणक्याचा क्षय, वात, म्हातारपण अशी दहा नावे आधीच तयार होती. नोंद नसणे म्हणजे घडले नसणे नव्हे. ज्या ठिकाणी नोंदवहीच नाही, त्या ठिकाणच्या कोऱ्या पानांचा पुरावा म्हणून उपयोग करणे हा तर्कदोष आहे.

क्लिओक्विनॉल ही जुनी गोष्ट झाली, असे कुणी म्हणेल. मूळ स्विस कंपनीने ते १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरातून मागे घेतले. आपल्याकडे मुलांच्या जुलाबाच्या औषधांत ते वापरायला बंदी आली, इतर औषधांशी मिसळून पोटात द्यायच्या मिश्रणांवरही आली. पण त्याची जागा ज्याने घेतली, त्या मेट्रोनिडॅझोलविषयीचा इशारासुद्धा नवा नाही. वाडियांचा लेख निघाला त्याच १९७७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी मेट्रोनिडॅझोलने होणाऱ्या मज्जातंतूंच्या विकाराचे वर्णन केले. आतड्याला वर्षानुवर्षे सूज आणणाऱ्या क्रोन्स रोगात हे औषध उपयोगी पडते असे स्वीडनमधल्या वैद्यांनी १९७५ साली सांगितले होते. लगेच पुढच्या दशकात, गुदद्वाराजवळच्या नासूरासाठी महिनोन् महिने औषध घेणाऱ्या क्रोन्सच्या रुग्णांत, मुलांतसुद्धा, हातापायांच्या बधिरपणाचे अहवाल येऊ लागले. म्हणजे हा दुष्परिणाम सर्वांत ठळक दिसला तो जुनाट आतड्याच्या रुग्णांतच. कारण उघड आहे: इतका लांब कोर्स दुसरे फारसे कुणी घेत नाही.

आकडे बघा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात, एकूण ४२ ग्रॅमपेक्षा जास्त मेट्रोनिडॅझोल घेतलेल्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांत मज्जातंतूंचा विकार आढळला. त्याहून कमी घेतलेल्यांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत होते. आपल्या नेहमीच्या मात्रेत हा हिशेब मांडू. ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा म्हणजे रोज १.२ ग्रॅम. पाच-सात दिवसांच्या कोर्समध्ये सहा ते साडेआठ ग्रॅम पोटात जातात. ४२ ग्रॅम व्हायला पस्तीस दिवस लागतात. यात्रेत पोट बिघडलेल्या माणसाला घाबरायचे काही कारण नाही, हे या आकड्यांवरूनच स्पष्ट होते. पण ज्याला नासूरासाठी तीन महिने औषध सांगितले आहे, तो दुसऱ्या महिन्यातच ती रेषा ओलांडतो. आणि ज्याची तक्रार दर दोन महिन्यांनी उसळते, जो एकदा औंढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात, एकदा जिंतूर रस्त्यावरच्या खासगी दवाखान्यात आणि तीनदा चिठ्ठीविना मेडिकलमधून गोळ्या घेतो, त्याचा हिशेब तर कुठेच मांडला जात नाही. (४२ ग्रॅमचा आकडा तुटक तुटक कोर्सना जसाच्या तसा लावणे घाईचे होईल, हे मान्य. पण लावायचा की नाही हे ठरवायला आधी बेरीज तर हातात हवी.) मेट्रोनिडॅझोल शेड्यूल एचमधले, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असे औषध आहे. हा नियम कागदावर किती आणि गल्ल्यावर किती पाळला जातो, ते प्रत्येक वाचकाला माहीत आहे.

हे औषध मेंदूच्या गळूवर उत्तम काम करते, कारण ते रक्तातून मेंदूत सहज उतरते. ज्या वाटेने गुण येतो त्याच वाटेने अपायही. दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांत लहान मेंदूतल्या विशिष्ट केंद्रकांत दोन्ही बाजूंना सारखी सूज एमआरआयवर दिसते; माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, बोलणे अडखळते, हात थरथरतो. आयुष्यात दारूला न शिवलेल्या माळकऱ्यावर या अवस्थेत काय आळ येतो, याची कल्पना करा. यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की औषध वेळेवर थांबवले तर मेंदूतली ही सूज बहुतेकांत काही दिवसांत-आठवड्यांत ओसरते. हातापायांचा बधिरपणा मात्र हळू जातो, आणि उशीर झाला तर काहींच्या बाबतीत पूर्ण जात नाही. म्हणून संशय लवकर येणे महत्त्वाचे.

सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्याविषयी थोडक्यात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली बजावले की या औषधांनी होणारा मज्जातंतूंचा विकार लवकर सुरू होऊ शकतो आणि कायमचा राहू शकतो. २०१८ साली गोंधळलेपणा, अस्वस्थता, स्मरणात अडथळा अशा मानसिक परिणामांचा इशारा अधिक ठळक केला. युरोपने २०१९मध्ये किरकोळ संसर्गांसाठी आणि प्रवासातले जुलाब टाळण्यासाठी ही औषधे वापरू नयेत असे ठरवले. मेंदूतल्या उत्तेजनाला लगाम घालणाऱ्या गाबा या रसायनाच्या कामात ती अडथळा आणतात, आणि काही वेदनाशामकांच्या सोबतीने तो अडथळा वाढतो. जुनाट आतड्याच्या कित्येक रुग्णांचे सांधेही दुखतात, म्हणून ते वेदनाशामक घेतच असतात. रात्र रात्र झोप न लागणारा, एकाएकी भेदरून बोलणारा असा रुग्ण घरच्यांनी देवऋषीकडे नेण्याआधी त्याच्या औषधांचे पाकीट कुणीतरी उलटून पाहावे, एवढेच माझे मागणे आहे.

दुसरा मुद्दा बी-१२चा, आणि तो मी टाळणार नाही, कारण त्यात बरेच तथ्य आहे. बी-१२ शोषले जाते ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. क्रोन्स आणि आतड्याचा क्षय दोन्हींची आवडती जागा तीच. त्यात आपला समाज. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातल्या तपासलेल्या पुरुषांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश जणांचे बी-१२ कमी निघाले. ते आजारी म्हणून आलेले लोक नव्हते. नरसी नामदेवच्या पंचक्रोशीत, जिथे माळ घातली की मांसमच्छी वर्ज्य होते, चित्र याहून बरे असेल असे मानायला जागा नाही. तेव्हा जुनाट आतड्याच्या रुग्णाच्या मुंग्या बी-१२च्या अभावाने आल्या असतील, हे अगदी शक्य आहे.

पण यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. ज्याचे मज्जातंतू आधीच उपाशी आहेत, त्याला मज्जातंतूंना बाधणारे औषध देताना जास्त जपायला हवे की कमी? एक कारण सापडले म्हणजे दुसरे नाहीसे होत नाही. आणि आपल्याकडचा हा रुग्ण तर अनेक औषधांच्या वाटेने आलेला असतो. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांत फरक करणे तज्ज्ञांनाही अवघड जाते, म्हणून भारतात कित्येकांना आधी क्षयाची औषधे सुरू करून काही आठवड्यांनी गुण तपासला जातो. त्यातले आयसोनियाझिड बी-६ जीवनसत्त्वाची वाट अडवून हातापायांचे मज्जातंतू दुखावते, इथॅम्ब्युटॉल दृष्टीच्या मज्जातंतूला बाधू शकते. मग निदान बदलते, मेट्रोनिडॅझोल येते, सिप्रोफ्लॉक्सासिन येते. प्रत्येक नवा डॉक्टर आपल्या चिठ्ठीपुरते पाहतो. पायांना मात्र सगळ्या चिठ्ठ्या एकत्र सोसाव्या लागतात. शिवाय नुसत्या ‘ताकदीच्या सुया’ हे निरुपद्रवी उत्तर नव्हे. बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर त्यानेही बधिरपणा येतो, हे १९८३पासून नोंदलेले आहे. बी-१२ तपासावे, कमी असेल तर द्यावे, आणि त्याच दिवशी गोळ्यांची बेरीजही करावी. दोन्ही एकत्र करायला कोण अडवतो?

उरला तो शेवटचा मुद्दा: सांगितले तर रुग्ण घाबरतो. या आक्षेपामागे रुग्णाची काळजी आहे, म्हणून त्याला उत्तर अनुभवातूनच द्यायला हवे. क्षयरोगाच्या उपचारात रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. हे आधी सांगितलेला रुग्ण निर्धास्त असतो. न सांगितलेला रक्त जाते आहे समजून गोळ्या फेकून देतो. आयसोनियाझिडसोबत बी-६ची छोटी गोळी देण्याची पद्धत रुजली, ती दुष्परिणाम आधी मान्य केल्यामुळेच. ‘पायाला मुंग्या आल्या, चालताना तोल गेला तर पुढची गोळी घेण्याआधी मला येऊन भेटा’ या एका वाक्याने कुणी औषध सोडत नाही. सोडतो तो, ज्याला काहीच सांगितलेले नसते आणि ज्याची तक्रार मनाचा खेळ ठरवली जाते.

कुणी म्हणेल, मग ही औषधे टाकून द्यायची का? मुळीच नाही. गळू, गुदद्वाराजवळचे नासूर, मोठे आतडे काढल्यावर बनवलेल्या पिशवीची सूज, खरी अमीबाची आव, इथे ती हवीतच. पण अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या नेहमीच्या उसळीत प्रतिजैविकांना नित्य स्थान नाही, आणि ज्यांना वर्षानुवर्षे ‘जुनाट आव’ म्हणून गोळ्या दिल्या जातात त्यांच्यातल्या पुष्कळांना आव नसून चिडखोर आतड्याचा त्रास असतो. त्यांच्या बाबतीत अपायाचे पारडे जड होते ते समोरच्या पारड्यात गुणच नसल्यामुळे. ज्यांना औषध हवेच आहे, त्यांच्यासाठी मात्रा कमी करता येते, मध्ये खंड घेता येतो, क्रोन्सच्या नासूरावर आता इतर औषधेही आहेत. हा विचार डॉक्टरांनी करायचा आहे; रुग्णाने लेख वाचून गोळी बंद करायची नाही.

‘औंढ्यात न्यूरॉलॉजिस्ट कुठे आहे?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. पहिल्या संशयासाठी तो लागत नाही. कापसाचा बोळा, एक टाचणी, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आणि पाच मिनिटे पुरतात. पायाच्या अंगठ्यावर फोर्क टेकवला तर थरथर कळते का? पाय जुळवून डोळे मिटल्यावर माणूस डुलतो का? तोंड धुताना डोळ्यांवर पाणी मारले की तोल जातो का? जमीन कापसासारखी लागते का? हे प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिकाही विचारू शकते, आणि सुरुवातीला एकदा, मग दर महिन्याला एकदा विचारले तर बदल ध्यानात येतो.

संशय आला की तो कळवण्याची सोयसुद्धा आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला आणि २०११पासून तो गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. १८००-१८०-३०२४ हा त्याचा निःशुल्क क्रमांक आहे. रुग्ण स्वतःही कळवू शकतो, औषधानेच झाले याची खात्री असण्याची अट नाही. वाडियांच्या काळी मुंबईतल्या एका विभागावर जे अवलंबून होते, ते आता औंढ्यातल्या फोनवरून होऊ शकते. आणि रुग्णाने करायचे ते एवढे: एक वही, तिच्यात गोळीचे नाव, मिलिग्रॅम, दिवस, मेडिकलमधून परभारे घेतलेल्या गोळ्यासुद्धा. डॉक्टरने त्याच पानावर ग्रॅमची बेरीज आणि शेजारी अंगठ्यावरच्या थरथरीची नोंद केली, तर नांदेडला पोहोचलेल्या रुग्णाला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागणार नाही, आणि तिथल्या डॉक्टरलाही पहिल्याच भेटीत कोणती गोळी थांबवायची ते ठरवता येईल.